जुन्या छायाचित्रांतील शिपाई : त्याची पलटण कशी ओळखावी?

आमच्या प्रांतांतील जुन्या घरांच्या माजघरांत एक चौकट बहुधा टांगलेली असतेच. चौकटींत फेटा बांधून, छाती पुढें काढून उभा राहिलेला एक शिपाई असतो. कांच धुरानें पिवळी पडलेली असते, एका कोपऱ्यास वाळवीनें स्पर्श केलेला असतो, आणि मुलांनीं "हे कोण?" असें विचारलें म्हणजे वडील मंडळी सांगतात, "आपल्यांतलेच. लढाईवर गेले होते." कोणती लढाई, कोणती पलटण, ते परत आले कीं नाहीं, हें पुढें कोणी विचारीत नाहीं आणि कोणी सांगतही नाहीं. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून १३ लाखांहून अधिक माणसें सैन्यांत व सैन्याच्या चाकरींत गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें २५ लाख गेलीं. त्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणें, अहमदनगर व बेळगांव इकडील घरांचा वांटा लहान नव्हता. इतकीं माणसें गेलीं, आणि त्यांपैकीं कितीएकांचें आज घरांत नांवही उरलें नाहीं. उरलें आहे तें एवढें एक छायाचित्र.

छायाचित्र मुकें असतें, असें आपण समजतों. परंतु नीट पाहणाऱ्याशीं तें बोलतें. तें कसें बोलतें, व त्याचें बोलणें कोठवर खरें मानावें, हें विद्यार्थिमित्रांस समजावें म्हणून हा लेख लिहिला आहे. पाठ कोरडा वाटूं नये यासाठीं आमच्या घरची एक हकीकत त्यांत गोंवली आहे. ती सांगतांना थोडासा संकोच वाटतो. कारण तींत आमच्या घराकडून एका वृद्ध बाईवर अन्याय झाला होता, आणि तो अन्याय दूर करण्यास आम्हांस फार उशीर लागला.

आमचे पणजोबा तिघे भाऊ. मधले, म्हणजे आमचे पणजोबा, घरीं शेती पाहत. थोरले व धाकटे पलटणींत गेले. थोरले पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं मेसोपोटेमियांत गेले ते परत आले नाहींत. धाकटे मागाहून भरती झाले, लढाई संपल्यावर परत आले, पुढेंही चाकरींत राहिले, आणि अविवाहित असतांनाच तापानें वारले. थोरल्यांचें लग्न लढाईच्या एकच वर्ष अगोदर झालें होतें. त्यांची पत्नी, जिला आम्ही सर्व थोरल्या आजी म्हणत असूं, ती १९६८ पर्यंत त्याच घरांत जगली.

आमचे वडील व त्यांचीं भावंडें पुण्यास वाढलीं. गांवीं जाणें होई तें सुटीपुरतें. माजघरांत शिपायाची एक चौकट होती. तिच्याकडे बोट दाखवून कोणी विचारलें तर थोरल्या आजी एवढेंच म्हणत, "घरचेच आहेत." पतीचें नांव घेण्याची त्या काळीं रीत नव्हती, म्हणून त्या नांव घेत नाहींत असें मुलांनीं मनाशीं ठरविलें, आणि चौकटींतील शिपाई म्हणजे थोरले पणजोबाच, असा घरांत समज दृढ झाला. पुढें कोणीतरी मागील पुठ्ठ्यावर तसें लिहूनही ठेविलें. मात्र एक गोष्ट सर्वांस खटके. पितृपक्षांत किंवा दसऱ्यास घरांतील इतर तसबिरींस हार पडे. ह्या चौकटीस थोरल्या आजींनीं कधीं एक फूलही वाहिलें नाहीं. "एका वर्षाच्या संसारांत काय जीव जडणार!" असें कोणी म्हणे, "टाकून गेला याचा राग मनांत धरला," असें दुसरें कोणी म्हणे. त्या ऐकत व गप्प राहत. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद कांहीं कामासाठीं पुण्यास आणले होते, ते १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरांत गेले. त्यामुळें पलटणीचें नांवही घरांत कोणास ठाऊक राहिलें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं गांवचें घर उतरवावें लागलें, तेव्हां ती चौकट आमच्याकडे आली. तिच्याबरोबर थोरल्या आजींची पत्र्याची पेटीही आली. पेटीच्या तळाशीं, एका जुन्या खणांत गुंडाळलेलें, पोस्टकार्डाएवढें दुसरें एक छायाचित्र निघालें. त्यांत दोन तरुण शिपाई होते. एक खुर्चीवर बसलेला, एक शेजारीं उभा. पाठीमागें मोडी अक्षरांत दोन ओळी होत्या. अशा रीतीनें आमच्यापुढें दोन चित्रें व एक प्रश्न उभा राहिला. आतां आम्हीं तपास कोणत्या क्रमानें केला तें सांगतों. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या चित्रास हाच क्रम लावून पाहावा.

प्रथम चित्राकडे नव्हे, चित्राच्या पुठ्ठ्याकडे पाहावें. जुने छायाचित्रकार जाड पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून त्याच्या खालच्या काठावर आपल्या दुकानाचें व गांवाचें नांव उठावदार ठशानें उमटवीत. हा ठसा पुष्कळदां चौकटीच्या लांकडाखालीं झाकला जातो. आम्हीं जाणत्या कारागिराकडून चौकट उघडविली, तेव्हां ठशांत बेळगांवचें नांव निघालें. बेळगांव हें लष्करी ठाणें जुनेंच. परंतु १९२२ पासून मराठा पलटणींच्या शिक्षणाचें केंद्र तेथें आहे, व आजही मराठा लाइट इन्फन्ट्रीचें केंद्र तेंच आहे. ह्यावरून काळ ठरला नाहीं, पण दिशा मिळाली. पोस्टकार्डावर कोणत्याही दुकानाचा ठसा नव्हता.

दुसरी गोष्ट, चित्र सुलट आहे कीं उलट, हें पाहावें. पहिल्या काळांतील पत्र्यावरचीं व कांचेवरचीं कांहीं चित्रें आरशांतल्याप्रमाणें उलट निघत. आणि नवी प्रत काढतांना मूळ कांच पालथी पडली तर कागदावरचें चित्रही उलटें होतें. ओळखण्याची खूण सोपी आहे. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, व स्वतः मिळविलेलीं पदकें छातीच्या डाव्या बाजूस लावतात. आमच्या चौकटींतील चित्र ह्या दोन्ही कसोट्यांस उतरलें. तें सुलट होतें. येथेंच आणखी एक नियम ध्यानांत ठेवावा. मृत नातलगाचीं पदकें कोणी सन्मानार्थ लावलीं तर तीं उजव्या बाजूस लावण्याची रूढि आहे. आमच्या शिपायाचीं पदकें डावीकडे होतीं. अर्थात् तीं त्याचीं स्वतःचीं होतीं, दुसऱ्या कोणाचीं नव्हेत. ही गोष्ट किती महत्त्वाची ठरली, तें पुढें दिसेल.

तिसरी गोष्ट, रंगाविषयीं फसूं नये. त्या काळच्या बहुतेक कांचांस तांबडा रंग ग्रहण करितां येत नसे. त्यामुळें तांबडें तें चित्रांत काळें दिसतें, आणि निळें तें फिकें, कधीं कधीं जवळजवळ पांढरें दिसतें. पदकाच्या फितीचे पट्टे काळे-पांढरे दिसतात म्हणून ती फीत काळी-पांढरी होती असें समजणारा मनुष्य चुकीच्या युद्धांत जाऊन पोंचतो. म्हणून रंगापेक्षां आकारावर भिस्त ठेवावी.

चौथी गोष्ट खांद्याची. शिपायाच्या दोन्ही खांद्यांवर पितळी अंक व अक्षरें लाविलेलीं असत, आणि पलटण ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण तीच. परंतु अंक वाचणें म्हणजे पलटण ओळखणें नव्हे, कारण अंक बदलत गेले. १९०३ सालीं लॉर्ड किचनेर सरसेनापति असतांना सर्व हिंदी पलटणींस नवे क्रमांक दिले गेले. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत १०० मिळविण्यांत आले. तिसरीची १०३ वी झाली, पांचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, चौदावीची ११४ वी, सोळावीची ११६ वी व सतरावीची ११७ वी. ह्या सहा मराठा पलटणी. पुढें १९२२ सालीं ह्या सहांची मिळून एकच पलटण केली, तिचें नांव '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' असें ठेविलें, आणि जुन्या पलटणी तिच्या बटालियनी झाल्या. १०३ वी ती पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चवथी, ११७ वी पांचवी, आणि ११४ वी ही शिक्षण देणारी दहावी. १९४५ सालीं तो ५ चा आंकडाही गेला. तेव्हां हिशेब असा झाला : मराठा शिपायाच्या खांद्यावर तीन अंक असले तर चित्र १९०३ नंतरचें व १९२२ च्या सुमारापूर्वींचें, एकटा ५ चा अंक असला तर त्यानंतरचें. आणि हा ५ बटालियनचा नव्हे, पलटणीचा. जुन्या कागदांत २/५ असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ पांचव्या पलटणीची दुसरी बटालियन. येथें पुष्कळ जण गोंधळतात.

भिंग घेऊन आम्हीं पोस्टकार्ड पाहिलें. बसलेल्या शिपायाचा खांदा उजेडाकडे होता. त्यावर ११७ हे अंक स्वच्छ दिसले. नंतर चौकटींतील चित्र पाहिलें. तेथें एक खांदा सावलींत गेला होता. दुसऱ्यावर तीन अंक नव्हतेच, एकच होता, आणि तो ५ सारखा दिसत होता. "सारखा दिसतो" एवढ्यावर निकाल देणें योग्य नव्हे, म्हणून आम्ही पुढच्या खुणेकडे वळलों.

पांचवी गोष्ट हुद्द्याची. बाहीवरील उलट्या टोंकाचा एक पट्टा लान्स नाइकाचा, दोन नाइकाचे, तीन हवालदाराचे. खांद्यावर एक तारा जमादाराचा, दोन सुभेदाराचे, व राजमुकुट सुभेदार-मेजराचा. परंतु गोऱ्या लेफ्टनंटासही तेच तारे व मेजरासही तोच मुकुट असे; म्हणून केवळ ताऱ्यांवरून "आमचे आजोबा लेफ्टनंट होते" असें कोणी सांगूं लागल्यास दुसरी खूण मागावी. २६ जानेवारी १९५० नंतर राजमुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले, हेंही काळ ठरविण्यास उपयोगी पडतें. चौकटींतील शिपायास दोन पट्टे होते, म्हणजे तो नाईक होता. पोस्टकार्डावरील दोघांच्याही बाह्या कोऱ्या होत्या.

सहावी गोष्ट पदकांची, आणि आमच्या प्रश्नाचा निकाल तिनेंच लाविला. चौकटींतील शिपायाच्या छातीवर दोन वाटोळीं पदकें होतीं. पहिलें एका सरळ आडव्या दांडीस अडकविलेलें होतें, दुसरें कडीस. पहिल्या महायुद्धानंतर दिलेलीं दोन सर्वसाधारण पदकें नेमकीं अशींच आहेत. दांडीचें तें रुप्याचें 'ब्रिटिश वॉर मेडल', त्यावर पंचम जॉर्ज बादशहाचें मुख. कडीचें तें ब्राँझचें 'व्हिक्टरी मेडल', त्यावर पंख पसरलेली विजयदेवता. हीं दोन्ही पदकें १९१९ सालीं स्थापन झालीं. जो मनुष्य त्यापूर्वींच वारला, त्याच्या घरीं तीं पाठविलीं जात. त्याच्या छातीवर तीं दिसणें अशक्य. आणि तीं डावीकडे होतीं, म्हणजे ज्याचीं त्यानेंच लाविलीं होतीं. अर्थ उघड झाला. चौकटींतील मनुष्य लढाईंतून जिवंत परत आला होता.

एवढ्यावरच हें थांबत नाहीं. १९१५ सालची अखेर होण्यापूर्वीं जे रणभूमीवर पोंचले, त्यांस ह्या दोन पदकांखेरीज एक तारा मिळे. तो ब्राँझचा, चार टोंकांचा, मध्यें आडव्या तरवारी असलेला. प्रथम फ्रान्समध्यें गेलेल्यांचा तो १९१४ चा तारा, व नंतरच्यांचा १९१४-१५ चा. चौकटींतील शिपायास तारा नव्हता. म्हणजे तो १९१५ नंतर लढाईवर गेला होता. थोरले पणजोबा तर आरंभींच गेलेले. आमच्या घरांतून पलटणींत दोघेच गेले; त्यांतून थोरले वगळले म्हणजे उरले धाकटे. जिला आम्ही सारे पन्नास वर्षें थोरल्या आजींच्या पतीची तसबीर समजत होतों, ती त्यांच्या धाकट्या दिराची तसबीर होती.

मग त्यांनीं त्या चौकटीस हार कां घातला नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

सातवी गोष्ट, चित्राची पाठ वाचावी. आमच्याकडे जुन्या पत्रव्यवहारांत मोडी लिपीच चाले. ती आतां घरांतील कोणास वाचतां येत नाहीं, म्हणून हे लेख "कांहीं तरी हिशेब असेल" असें म्हणून बाजूस टाकले जातात. तसें करूं नये. मोडी वाचणारे अभ्यासक अजून पुष्कळ ठिकाणीं आहेत. अशा एका गृहस्थांनीं पोस्टकार्डाच्या पाठीवरील ओळी आम्हांस वाचून दाखविल्या. पत्र तीर्थरूपांस, म्हणजे वडिलांस होतें. नवपरिणीत पत्नीस निराळें पत्र लिहिण्याची तेव्हां रीत नव्हती. मजकूर इतकाच : "बसला तो मी. उभा तो सोबती. पोट भरून मिळतें, काळजी करूं नये." वडिलांस आलेलें तें कार्ड सुनेच्या पेटींत कधीं व कसें गेलें, हें सांगणारें कोणी राहिलें नाहीं. तिला अक्षरओळख नव्हती. पण बसलेला कोण, हें कळण्यास तिला अक्षराची गरज नव्हती.

तरीही आम्हीं आणखी एक ताळा घेतला. भावाभावांचे चेहरे मिळते असतात, आणि मिशांनीं, वयानें, फेट्यानें चेहरा पालटतो. पण कानाची घडण सहसा पालटत नाहीं. दोन्ही चित्रांतील कान शेजारीं ठेवून पाहिले. चौकटींतील शिपायाची कानाची पाळी सुटी होती. कार्डावरील बसलेल्या शिपायाची गालास चिकटलेली. माणसें दोन होतीं, याविषयीं शंका उरली नाहीं.

आतां ११७ व्या मराठा पलटणीचा इतिहास पाहणें प्राप्त झालें. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियांत गेली होती. ह्या डिव्हिजनमध्यें १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउन्सेंड यांच्या हाताखालीं ही फौज तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादच्या रोखानें गेली, टेसिफोनच्या लढाईनंतर मागें फिरली, व कुत ह्या गांवीं डिसेंबर १९१५ मध्यें तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. जवळजवळ पांच महिने वेढा चालला. अन्न संपलें, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं. पुढें वाळवंटांतील पायपीट, आगगाडीच्या रस्त्याचें काम, उपासमार व रोग ह्यांनीं त्यांपैकीं हजारों बंदिवासांत मेले. "पोट भरून मिळतें" असें लिहिणारा मनुष्य ह्याच पलटणीचा होता.

आठवी व शेवटची पायरी म्हणजे चित्राचा दाखल्याशीं मेळ घालणें. युद्धांत मेलेल्यांची नोंद राखण्यासाठीं १९१७ सालीं स्थापन झालेली जी संस्था आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नांवानें चालते, तिच्या यादींत नांव व पलटण यांवरून शोध घेतां येतो. ती यादी आतां संगणकावरही पाहावयास मिळते. हिंदी शिपायांच्या नोंदींत पुष्कळ ठिकाणीं बापाचें नांव, गांव व जिल्हाही दिलेला असतो. पलटण ठाऊक नसतांना एका नांवाचे पन्नास शिपाई निघतात. पलटण कळली म्हणजे ते दोनचारांवर येतात. आम्हांस ११७ व्या पलटणींत नांव सांपडलें, खालीं वडिलांचें नांव व आमचें गांव सांपडलें, आणि स्मरणस्थान म्हणून बसरा येथील स्मारक सांपडलें. त्या स्मारकावर, ज्यांची कबर किंवा चिता कोठें हें ठाऊक नाहीं अशा ४०,००० हून अधिक माणसांचें स्मरण केलें आहे. मात्र एक गोष्ट वाचकांनीं जाणून ठेवावी. तें उभारलें त्या वेळीं हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं; साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. त्यांचीं नांवें वहींत राहिलीं. म्हणूनच तीं घरीं तरी राहावींत.

हा झाला आमच्या घरचा तपास. ज्यांच्या घरचें चित्र दुसऱ्या महायुद्धाचें आहे, त्यांच्यासाठीं चार खुणा निराळ्या सांगतों. त्या काळच्या चित्रांत बाहीच्या वरच्या भागीं कापडी चौकोन दिसतो; ती डिव्हिजनची निशाणी. लाल गरुड चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, लाल वर्तुळ पांचवीचें, सोनेरी बाण सातवीचा, काळें मांजर सतरावीचें, झुंजणारा कोंबडा तेविसावीचा, इस्पिकचा एक्का पंचविसावीचा. चौथी व पांचवी डिव्हिजन आफ्रिकेंत लढली. सातवी, सतरावी, तेविसावी व पंचविसावी ब्रह्मदेशाकडे लढल्या. एका बाजूनें काठ वळलेली रुंद हॅट दिसली तर मनुष्य बहुधा ब्रह्मदेशाच्या जंगलांत होता. मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर बिगुल असतो, कारण तो लाइट इन्फन्ट्रीचा मान आहे. ग्रेनेडियर पलटणीची खूण ज्वाला निघणारा गोळा. महार पलटणीची हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १११ वी महार पलटण १९१७ सालीं उभी झाली व १९२१ सालीं मोडण्यांत आली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांव येथें स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचा विजयस्तंभ होता. बिल्ल्यावर तो स्तंभ दिसला, तर चित्र १९४१ पूर्वींचें असूं शकत नाहीं.

बुटाच्या टाचेस घोडा टोचण्याची आर दिसली तर मनुष्य रिसाल्यांत किंवा घोड्यांच्या तोफखान्यांत असावा. आणि ब्रिटिश वॉर मेडल रुप्याचें नसून ब्राँझचें असेल, तर तें बहुधा मजूर पथकांतील किंवा सैन्याबरोबर गेलेल्या चाकरवर्गांतील माणसाचें असतें. अशा वेळीं "म्हणजे आमचे आजोबा शिपाई नव्हतेच काय?" म्हणून कोणीं खट्टू होऊं नये. रस्ता बांधणारा, पाणी वाहणारा, जखमींस खांद्यावर उचलणारा मनुष्य त्याच उन्हांत व त्याच गोळीच्या टप्प्यांत होता.

पेटींत प्रत्यक्ष पदक सांपडलें तर तें घांसून लखलखीत करूं नये. पहिल्या महायुद्धाच्या वाटोळ्या पदकाच्या कडेवर, व ताऱ्याच्या पाठीवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. घांसणाराच्या हातून पहिल्यानें तीच जाते. चित्रासही पाणी लावूं नये, व चिकटलेली कांच ओढून काढूं नये. चित्राची प्रथम नवी प्रत काढून घ्यावी, आणि तपास त्या प्रतीवर करावा. गांवच्या चावडीवर किंवा देवळापाशीं "ह्या गांवांतून महायुद्धास इतके लोक गेले, पैकीं इतके परत आले नाहींत" अशी संगमरवरी पाटी असल्यास ती वाचावी. ती संख्याच सांगते. पण आपल्या घरच्या माणसाचा तींत समावेश आहे, एवढें तरी कळतें. मुख्य म्हणजे घरांत जें वृद्ध माणूस आज आहे, त्याला आजच विचारावें. विचारतांना उत्तर सुचवूं नये. "हे थोरले आजोबाच ना?" असें विचारणाऱ्यास "हो" एवढेंच उत्तर मिळतें. "हे कोण, कोठें होते, त्यांना कोणी पाहिलें होतें?" असें विचारणाऱ्यास गोष्ट मिळते. थोरल्या आजी पुष्कळ वर्षें आमच्यामध्यें होत्या. आम्हीं त्यांस पहिला प्रश्न केला, दुसरा कधींच केला नाहीं.

ह्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक काम करावें, अशी आमची विनंति आहे. घरांतील प्रत्येक जुन्या चित्राच्या मागें, चित्रावर नव्हे तर निराळ्या कागदावर, मऊ पेन्सिलीनें तीन गोष्टी लिहाव्या : कोण, कोठें, केव्हां, आणि हें कोणी सांगितलें तेंही लिहावें. जें ठाऊक नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढें कोणीतरी भरतो; चुकीचें लिहिलेलें नांव मात्र खऱ्याची वाट अडवून बसतें. आमच्या चौकटीच्या मागें तें तसें पन्नास वर्षें बसलें होतें.

आतां आमच्या घरीं दोन चौकटी शेजारीं शेजारीं आहेत. एकींत नाईक झालेले धाकटे, छातीवर दोन पदकें घेऊन उभे आहेत. दुसरींत कोऱ्या बाहीचा एक तरुण खुर्चीवर बसला आहे, आणि शेजारीं त्याचा सोबती उभा आहे. त्या सोबत्याचें नांव आम्हांस अद्याप मिळालें नाहीं, त्याचा शोध चालू आहे. दसऱ्यास दोन्ही चौकटींस हार घातला. थोरल्या आजींची तसबीर आम्हांजवळ नाहीं. त्यांचें छायाचित्र कोणी काढलेंच नव्हतें. म्हणून तो मोडीचा कागद ज्यांत गुंडाळला होता, तो खण आम्हीं कार्डाच्या मागें तसाच घडी करून ठेविला आहे.